पेटीबंद वेग

रेसची मोटरसायकल विमानाने परदेशी पाठवायची ठरली की मालवाहतूक कंपनीचा माणूस वजनकाट्याआधी मोजपट्टी काढतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ६,००० ने भागायचं. जो आकडा येईल तितके किलो म्हणजे त्या खोक्याचं आकारमानी वजन. खरं वजन कमी भरलं तरी भाडं या आकड्यावर लागतं. चाकं-हँडलासकट उभी गाडी मावेल असं खोकं २२० बाय ८० बाय १२० सेंटिमीटरचं धरलं तर हिशेब ३५२ किलोंचा होतो. पुढचं चाक काढलं, हँडल सोडवून टाकीवर आडवं बांधलं, पाय ठेवायचे दांडे उतरवले आणि खोकं १८० बाय ६० बाय १०० वर आणलं, तर तोच हिशेब १८० किलोंवर येतो. गाडी तीच, भाडं जवळपास निम्मं. परदेशात जाऊन वेगाचा विक्रम करू पाहणारी मंडळी म्हणूनच इंजिनाइतकाच खोक्याचाही विचार करतात, आणि तो फार आधीपासून करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जागेसाठी. ताशी तीनशे किलोमीटरचा वेग घ्यायला काही किलोमीटर लांब, अगदी सपाट आणि रिकामी सरळ वाट लागते. तो वेग उतरवून थांबायला आणखी तेवढीच. अशी जागा जगात मोजक्या ठिकाणी आहे. सगळ्यात नावाजलेली अमेरिकेच्या युटा राज्यातली, वेंडोव्हर गावाजवळची बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स. हिमयुगातलं एक प्रचंड सरोवर आटून मागे राहिलेलं हे मिठाचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८६ मीटर उंचीवर आहे. दुसरी दक्षिण ऑस्ट्रेलियातलं लेक गेअर्डनर. तिसरी बोलिव्हियातलं सालार दे उयुनी, साडेतीन हजार मीटरहून उंच. घराजवळ यातलं काहीच नसलेल्या माणसाने न्यूझीलंडमध्ये, इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत कितीही वेगवान मोटरसायकल बांधली, तरी तिचा वेग सिद्ध करायला समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हा समुद्र विक्रमाच्या दाखल्यावर कुठेच दिसत नाही. तिथे स्वाराचं नाव येतं, इंजिनाची क्षमता येते, गाडीचा वर्ग येतो, वेग दशांशात येतो. गाडी किती आठवडे लाकडी पेटीत होती, कोणत्या बंदरात अडकली, तिच्या सुट्या भागांची यादी किती पानांची होती, हे कुणी लिहून ठेवत नाही. खरं तर ज्यांच्यामागे कारखाना नाही अशांच्या बाबतीत अर्ध्याहून जास्त कसोटी इथेच लागते.

मोटरसायकलच्या इतिहासातलं एक अतिशय गाजलेलं छायाचित्र १३ सप्टेंबर १९४८ चं आहे. बॉनव्हिलच्या मिठावर धावणाऱ्या काळ्या मोटरसायकलवर एक माणूस पोटावर पालथा पडला आहे. अंगात फक्त पोहण्याची चड्डी, पाय मागच्या चाकावरून सरळ मागे ताणलेले. हा रॉली फ्री. त्याने त्या दिवशी ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर वेग गाठला. आधीच्या फेरीत त्याचे चामडी कपडे वाऱ्याने फाटले होते, म्हणून त्याने ते काढूनच टाकले. छायाचित्राबद्दल बोलताना चड्डीची गोष्ट हटकून निघते. पण ती मोटरसायकल अमेरिकन नव्हती. ती व्हिन्सेंट एचआरडी कंपनीने इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज गावच्या कारखान्यात खास तयार करून जॉन एडगर या कॅलिफोर्नियातल्या हौशी गिऱ्हाइकासाठी धाडली होती. आधी अटलांटिक, मग जवळजवळ अख्खी अमेरिका ओलांडून ती त्या मिठावर पोचली. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आठ वर्षांनी, १९५६ च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीची एनएसयू कंपनी आख्खा संघ घेऊन बॉनव्हिलला आली. माशासारख्या निमुळत्या कवचात बसवलेल्या तिच्या गाड्यांनी विक्रमांची रांग लावली आणि विल्हेल्म हेर्त्सने ताशी ३३८ किलोमीटरच्या वर मजल मारली. मोठ्या कारखान्याने समुद्रापार स्वारी कशी करावी याचा हा नमुनाच होता: गाड्या, सुटे भाग, मेकॅनिक आणि कागदपत्रं, सगळं बरोबर. लगेच पुढच्या महिन्यात त्याच मिठावर टेक्सासच्या जॉनी ॲलनने ६५० सीसीचं ट्रायम्फ इंजिन बसवलेल्या, सिगारच्या आकाराच्या गाडीतून ताशी २१४ मैल गाठले. जर्मनांपेक्षा हा वेग जास्त होता. पण आंतरराष्ट्रीय महासंघाने, एफआयएमने, तो विक्रम मानला नाही. वेळ मोजणारी यंत्रणा आणि निरीक्षक आपल्या मान्यतेचे नव्हते असं त्यांचं म्हणणं. वाद बराच चिघळला. ट्रायम्फने मात्र १९५९ च्या आपल्या नव्या मोटरसायकलचं नाव बॉनव्हिल ठेवलं, आणि ते नाव आजही चालू आहे. परदेशातून आलेल्या एनएसयूचे कागद चोख होते, घरच्या मैदानावर धावलेल्या ॲलनचे अपुरे पडले. या क्षेत्रात कागदाला किती किंमत आहे हे सांगायला एवढा दाखला पुरे.

तरीही या सगळ्या प्रवासाचा चेहरा म्हणून जगाला आठवतो तो कारखाना नसलेला माणूस. बर्ट मन्रो, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल गावचा, जन्म १८९९ चा. त्याच्याकडे १९२० साली नवीन घेतलेली इंडियन स्काउट मोटरसायकल होती. कारखान्यातून निघाली तेव्हा तिचं इंजिन ६०० सीसीचं आणि वेग ताशी जेमतेम ५५ मैल. मन्रोने पुढची चाळीसहून जास्त वर्षं या एका गाडीवर काम केलं. पिस्टन तो घरीच धातू वितळवून ओतायचा. सिलिंडरसाठी जुने बिडाचे गॅसपाइप वापरले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसाचं पोलाद तासून घडवले. फुटलेले, वितळलेले, वाकलेले भाग त्याने फेकले नाहीत. शेडमधल्या फळीवर रांगेने मांडून ठेवले.

१९६२ मध्ये ही गाडी बॉनव्हिलवर धावली तेव्हा मन्रो ६३ वर्षांचा होता आणि गाडी ४२ वर्षांची. इंजिन त्याने ८५० सीसीपर्यंत वाढवलं होतं. त्या वर्षी त्याने ८८३ सीसीच्या वर्गात ताशी १७८.९७ मैलांचा विक्रम केला, म्हणजे २८८ किलोमीटर. प्रशांत महासागराच्या एका टोकाच्या गावातून निघून, जहाजाने अमेरिका गाठून, पुढे वाळवंट पार करून युटाच्या मैदानात पोचायचं, हे आज नकाशावर बोट फिरवून सांगता येतं. पण त्या काळात न्यूझीलंडमध्ये परकीय चलनावर सरकारी बंधनं होती, विमानप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि इन्व्हरकार्गिलचा हा माणूस पैशाने काही मोठा नव्हता. तो पुन:पुन्हा गेला. १९६७ साली, ६८ व्या वर्षी, त्याने १,००० सीसीच्या आतल्या वर्गात ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम नोंदवला. त्याच खेपेस एका दिशेच्या पात्रता फेरीत त्याने १९० मैलांचा आकडा ओलांडला होता.

मन्रो १९७८ मध्ये वारला. पुढे त्याच्या मुलाला जुन्या दाखल्यांवरचे आकडे चाळताना दोन फेऱ्यांच्या सरासरीत चूक दिसली. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने तपासून २०१४ मध्ये ती दुरुस्त केली आणि विक्रम ताशी १८४.०८७ मैल झाला, मूळ फेरीनंतर ४७ वर्षांनी. रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने २००५ मध्ये त्याच्यावर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट काढला. अँथनी हॉपकिन्सने मन्रो उभा केला. चित्रपटात जहाजाचा प्रवास आणि अमेरिकेत शिरतानाची धांदल बराच वेळ दाखवली आहे, आणि ते योग्यच केलं आहे. मन्रोची खरी गाडी आज इन्व्हरकार्गिलमधल्या ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे, पाने, रंगाचे डबे घ्यायला येणारी माणसं तिच्या बाजूने जातात.

आज कोणी अशीच गाडी पाठवायची म्हटलं तर पहिला प्रश्न विमान की जहाज. विमानाने आठवड्याभरात काम होतं, पण पैसे भरपूर. जहाजाने भाडं कमी, पण गाडी कित्येक आठवडे हातातून जाते. बरेच जण मग मधली वाट काढतात: एकाच देशातले पाच-सहा स्पर्धक मिळून वीस फुटी कंटेनर घेतात. आतून तो सहा मीटरला थोडा कमी लांब आणि सव्वादोन मीटरहून किंचित जास्त रुंद असतो. गाड्या, अवजारांच्या पेट्या, तंबू, जनरेटर असं सगळं त्यात बसतं. भाडं वाटून घ्यायचं. यातला तोटा एवढाच की कंटेनर बंद करायची तारीख सगळ्यांना सारखी बांधील. एकाचं इंजिन अजून बेंचवर उघडं पडलेलं असलं तरी कंटेनर थांबत नाही. ऑगस्टमधल्या बॉनव्हिलच्या शर्यतीसाठी युरोपातली किंवा न्यूझीलंडमधली गाडी मे-जूनमध्ये बंद करावी लागते. म्हणजे शर्यतीआधीचे दोन महिने, जेव्हा कुठल्याही मेकॅनिकला सगळ्यात जास्त काम सुचतं, तेव्हाच गाडी समोर नसते.

पेटीत गाडी बांधणं हे तर कसबाचं काम. पुढचे काटे पट्ट्यांनी पूर्ण दाबून बांधले तर गाडी घट्ट राहते खरी, पण सहा आठवडे दबून राहिलेल्या सस्पेन्शनची सीलं तेल सोडायला लागतात. म्हणून जाणकार चौकटीखाली लाकडी ठोकळा देतात, गाडीचा भार त्यावर टाकतात आणि काटे थोडेच दबतील एवढा पट्टा ओढतात. मग प्रश्न दमटपणाचा. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या कंटेनरच्या छताला आतून पाणी धरतं आणि ते थेंबथेंब मालावर पडतं. रेसच्या गाडीत मॅग्नेशियमचे भाग असतात, उघड्या पोलादी नळ्या असतात, रंग लावलाच नाही असे भाग असतात. त्यांना हे पाणी सोसत नाही. तेलाचा हात फिरवणं, गंज रोखणारा प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणं, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणं, एक्झॉस्टच्या तोंडाला बूच मारणं, हे सगळं निगुतीने करावं लागतं. विक्रम मोडायला निघालेली गाडी खोक्यातून गंजून निघाली तर वाळवंटात ती घासत बसायला वेळ नसतो.

खुद्द खोक्याच्या लाकडालाही नियम आहे. कच्च्या लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून जवळपास सगळे देश आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लावतात. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. घरच्या अंगणात पडलेल्या फळ्या ठोकून केलेलं खोकं कितीही मजबूत असलं तरी बंदरावर अडतं. प्लायवुडला या नियमातून सूट आहे, म्हणून अनुभवी मंडळी भिंती प्लायवुडच्या करतात आणि फक्त तळाच्या चौकटीला शिक्क्याचं लाकूड वापरतात.

पेट्रोलची गोष्ट आणखी निराळी. विमानाने जाणाऱ्या गाडीची टाकी शक्य तितकी रिकामी करावी लागते. काही उरलंच तर टाकीच्या पाव भागाहून जास्त चालत नाही. शर्यतीच्या जागी स्पर्धकांना याचं फारसं दुःख नसतं, कारण बॉनव्हिलच्या स्पीड वीकमध्ये, म्हणजे तिथल्या ऑगस्टमधल्या शर्यतीत, पेट्रोल वर्गातल्या गाड्यांना आयोजकांकडचंच पेट्रोल घ्यावं लागतं आणि टाकीला सील लागतं. बॅटऱ्यांचं मात्र खरोखर जड जातं. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. मालवाहू विमानातून पाठवायच्या तर त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भारलेल्या नसाव्यात. हलकेपणासाठी आज बहुतेक रेस गाड्यांत लिथियमचीच बॅटरी असते, आणि बरोबर एखादी जादा घ्यावी असं कुणालाही वाटतं. त्या एका जादा बॅटरीपायी अख्खी पेटी विमानतळावर पडून राहू शकते.

इलेक्ट्रिक मोटरसायकलवाल्यांना तर गाडीच मुळी बॅटरीची. मोनॅकोच्या व्हेंच्युरी कंपनीने बांधलेल्या व्होक्सान वॉटमॅन या गाडीची कहाणी त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा स्वार होता सहा वेळचा जगज्जेता मॅक्स बियाजी. जुलै २०२० मध्ये बोलिव्हियाच्या सालार दे उयुनीवर धावायचं ठरलं होतं. ही निवड विचारपूर्वक होती: इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गाडीला अडवणारा वारा कमी, आणि विरळ हवेत पेट्रोलचं इंजिन जसं गुदमरतं तसं विजेच्या मोटरचं होत नाही. पण बोलिव्हियाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. तिथला माल मुख्यतः चिलीतल्या आरिकासारख्या बंदरात उतरतो आणि ट्रकने अँडीज पर्वत चढून वर जातो. कोरोनाने तो बेतच मोडला. संघाने त्याच वर्षी फ्रान्समधल्या शातोरू विमानतळाच्या धावपट्टीवर विक्रम केले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये गाडी अटलांटिकपार नेऊन फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्राच्या धावपट्टीवर ताशी ४५५.७३७ किलोमीटरचा आकडा गाठला. मिठासाठी बेतलेली गाडी डांबर-काँक्रीटसाठी नव्याने जुळवावी लागली. जागा बदलली की गाडी बदलते, आणि गाडी बदलली की पेटीत काय-काय भरायचं ती यादीही.

यादी हा शब्द इथे वारंवार येतो, आणि तो सीमाशुल्क खात्यामुळे. परदेशी माल कायमचा आणला तर त्यावर जकात. थोडे दिवस आणून परत न्यायचा असेल तर तो नक्की परत जाईल याची हमी. या हमीसाठी १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून एटीए कार्नेट नावाची पुस्तिका आली. ऐंशीच्या आसपास देश ती मानतात आणि ती साधारण वर्षभर चालते. हिरव्या मुखपृष्ठाच्या आत पिवळी, पांढरी, निळी पानं असतात: मायदेशातून निघताना एक, परदेशात शिरताना दुसरं, वाटेतल्या देशातून जाताना तिसरं. प्रत्येक पानावर शिक्का हवा. भारतात ती फिक्की देते.

या पुस्तिकेला जोडलेली वस्तूंची यादी एकदा मंजूर झाली की तिच्यात भर घालता येत नाही. म्हणून स्पर्धक जादा पिस्टन, जादा गिअर, जादा साखळी, जेटचे संच, टायर, अवजारं असं सगळं आधीच लिहून काढतो; प्रत्येकाचं वजन, किंमत, शक्य तिथे क्रमांक. समजा यादीत चार पिस्टन आहेत आणि मिठावर दोन फुटले. फुटलेले तिथल्या कचरापेटीत टाकले आणि परत जाताना अधिकाऱ्याने मोजले, तर दोन पिस्टन त्या देशात 'राहिले' असं ठरतं आणि जकातीची मागणी येते. त्यामुळे वितळलेला, भोक पडलेला पिस्टनसुद्धा पुसून, पिशवीत घालून, नीट चिठ्ठी लावून परत आणला जातो. तेल, पेट्रोल असा वापरून संपणारा माल या पुस्तिकेत बसतच नाही. तो तिथेच विकत घ्यायचा.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी मोटरसायकलने मुंबईहून लंडन असा प्रवास केला आहे किंवा करायचं स्वप्न पाहिलं आहे, त्यांना कार्नेट हे नाव ठाऊक असतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते काढून देते. पण ते वेगळं, गाडी चालवत सीमा ओलांडण्यासाठीचं. पेटीतून पाठवलेली रेसची गाडी आणि तिचं सामान-सुमान यांच्यासाठी एटीए. दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: गाडी परत येईल याला कोणीतरी पैशाने जामीन राहायचं.

अमेरिकेत कार्नेटशिवायही गाडी आणता येते, रोख्याच्या हमीवर. मुदत एक वर्ष, अर्ज करून एकूण तीन वर्षांपर्यंत. शिवाय धुराच्या नियमांसाठी पर्यावरण खात्याचा ३५२०-१ क्रमांकाचा फॉर्म आणि वाहनसुरक्षेसाठी वाहतूक खात्याचा एचएस-७. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, फक्त शर्यतीसाठी आहे, हे त्यात सांगायचं. जहाजाने येणाऱ्या मालाची ठरावीक माहिती माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी अमेरिकन कस्टम्सकडे पोचलेली हवी. चुकलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. एका हौशी स्पर्धकाच्या वर्षभराच्या टायरांचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरेल.

मोठ्या शर्यतींचं जग यापेक्षा फार सोपं दिसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिली मोटोजीपी झाली तेव्हा सगळ्या संघांचं सामान ठरल्या व्यवस्थेने मालवाहू विमानांतून आलं. अडलं ते माणसांचं: मार्क मार्केझसारख्या नामवंत स्वारालाही व्हिसासाठी ताटकळावं लागलं. तिथे निदान आयोजक, महासंघ, सरकार असे सगळे धावपळ करायला होते. बॉनव्हिलला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने फार तर एक क्लिअरिंग एजंट असतो आणि तिथल्या एखाद्या स्पर्धकाची ओळख. मन्रोच्या मदतीला असेच तिथले लोक आले होते, आणि आजही परदेशी पेटी उतरवून घ्यायला स्थानिक स्पर्धक आपला ट्रक घेऊन बंदरावर जातात. या खेळातली ही गोष्ट मनापासून आवडावी अशी आहे.

पेटी उघडली की खरी परीक्षा. बॉनव्हिलच्या उंचीवर हवा पातळ, ऑगस्टच्या उन्हात आणखी पातळ. समुद्रकाठच्या गॅरेजमध्ये जुळवलेल्या इंजिनाची ताकद तिथे दहा-बारा टक्क्यांनी सहज उतरते. कार्ब्युरेटरला लहान जेट लावावे लागतात. मिठावर चाकाची पकड डांबरापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे मागचं चाक जागच्या जागी घसरत राहतं आणि स्पीडोमीटरचा वेग खऱ्या वेगापेक्षा जास्त दिसतो. त्याआधी तपासणी: चामड्याचे कपडे, हेल्मेट, स्वार पडला तर इंजिन बंद करणारी दोरी, टायर किती वेगासाठी बनलाय ते, आणि टायरच्या व्हॉल्व्हला धातूचीच टोपी. प्लॅस्टिकची टोपी प्रचंड वेगात उडून जाऊन हवा सुटू शकते, म्हणून. अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेल्या गाडीला या दोन पैशांच्या टोपीसाठी रांगेतून परत फिरावं लागतं.

विक्रमाचे नियमही दोन प्रकारचे. एफआयएमच्या जागतिक विक्रमासाठी दोन तासांच्या आत दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी घ्यायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये. स्पीड वीक भरवणाऱ्या एससीटीए या संस्थेच्या पद्धतीत विक्रमापेक्षा जास्त वेग आला की गाडी बंदिस्त आवारात जाते, तिथे मोजक्या तासांत दुरुस्ती करता येते आणि पक्की फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी. भारतात बनलेली गाडीही या मिठावर धावली आहे. २०१८ मध्ये केला रिव्हास या १८ वर्षांच्या अमेरिकन मुलीने चेन्नईत बनलेल्या रॉयल एनफील्डच्या ६५० सीसीच्या कॉन्टिनेंटल जीटीवर, अर्थातच बरेच बदल करून, बॉनव्हिलला ताशी दीडशे मैलांचा टप्पा पार केला. भारतातून निघालेल्या मोटरसायकलसाठी ही मोठीच गोष्ट होती.

आणि हे सगळं जमूनही पाऊस पडू शकतो. मैदानावर पाण्याचा पातळ थर साचला की मीठ मऊ होतं आणि आठवडे वाळत नाही. स्पीड वीक २०१४ मध्ये रद्द झाला, २०१५ मध्ये पुन्हा, २०२२ मध्ये आणखी एकदा. ट्रायम्फची दोन टर्बो इंजिनांची, सुमारे हजार अश्वशक्तीची लांबलचक गाडीही खराब मिठामुळे खोळंबली होती. २०१६ मध्ये गाय मार्टिनने ती ताशी २७४ मैलांपर्यंत नेली, पण जागतिक विक्रम दूरच राहिला. मिठाचा थरही वर्षानुवर्षं पातळ होतो आहे. मन्रोच्या काळी मिळायची तितकी लांब वाट आता मिळत नाही. शेजारच्या पोटॅशच्या खाणकामाकडे बोट दाखवलं जातं आणि मीठ परत मैदानात सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे मैदान वाचलं पाहिजे. अशी दुसरी जागा बांधता येत नाही.

शर्यत आटोपली की लगेच धुलाई. ओलं मीठ इंजिनाच्या पंखांत, चौकटीच्या नळ्यांत, साखळीत, चाकांच्या आऱ्यांत घट्ट बसलेलं असतं. ते तसंच पेटीत बंद केलं तर परतीच्या सहा आठवड्यांत गाडी खाऊन टाकेल. वेंडोव्हरमध्ये मुक्काम करून गाड्या गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्या जातात, कवचं काढून, नळ्यांत पाणी सोडून. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी तर ही सक्तीच आहे: तिथले जैवसुरक्षा अधिकारी चाकाच्या खोबणीत माती, बी किंवा वाळलेला किडा सापडला तरी गाडी अडवून, मालकाच्या खर्चाने धुऊन घेतात. सप्टेंबर ते एप्रिल या काळात अमेरिकेतून येणाऱ्या बऱ्याच मालाला तपकिरी ढेकणाच्या एका जातीपायी वेगळी प्रक्रियाही लागू होते.

काही जण गाडी परत नेतच नाहीत. रोख्याची मुदत वाढवून घेतात आणि कॅलिफोर्नियातल्या किंवा युटातल्या मित्राच्या गॅरेजमध्ये ती पुढच्या ऑगस्टपर्यंत ठेवतात. ज्यांना ऑस्ट्रेलियाच्या लेक गेअर्डनरवर मार्चमध्ये धावायचं असतं, ते डिसेंबरच्या आत जहाजात जागा धरतात, पेटीचा शिक्का पुन्हा तपासतात आणि फुटलेल्या पिस्टनसकट यादी नव्याने टाइप करायला बसतात.